देवीने ‘नाही’ म्हटलं तर?

दहा किंवा त्याहून कमी पडायला हवे होते. पडले 84.

गेल्याच्या गेल्या नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. पांडेसऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, आम्ही पाच जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय होईल हे नक्की नसेल तिथे डाइस टाकतात. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे ती मी. (पांडेसऱ्यात ‘मास्टर’ म्हटलं की लोकांना मिलमधला डाइंग मास्टर आठवतो, त्यामुळे आख्ख्या बिल्डिंगमध्ये माझी चेष्टा होते ती वेगळीच.) खेळणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ, त्याच्या वर्गातली एक मुलगी, गंजामहून आलेल्या ओडिया कुटुंबातला एक मुलगा, आणि वरच्या मजल्यावरचा माझा शाळेपासूनचा मित्र. तो धुळ्याकडचा, घरात अहिराणी. आमच्या खेळाची भाषा कोणती असं विचाराल तर सांगता येणार नाही. सुरतेत जी बोलतात ती.

माझा मित्र क्लेरिक होता, म्हणजे देवाचा सेवक, ज्याची सगळी जादू देवाकडून येते. गोष्टीतल्या गावात तापाची साथ, एक लहान मूल शेवटच्या घटका मोजतंय. त्याचे सगळे स्पेल संपलेले. दहाव्या लेव्हलला क्लेरिकला एक हक्क मिळतो: थेट देवाला हाक मारायची. 2014 च्या नियमांप्रमाणे शंभरात डाइस टाकायचा आणि आपल्या लेव्हलइतकं किंवा त्याहून कमी पडलं तर देव धावून येतो. म्हणजे शंभरात दहा वेळा. त्याने टाकला. 84. मी म्हटलं, “देवीने ऐकलं नाही,” आणि पुढची गोष्ट सांगायला लागले. रात्रीचे अकरा वाजलेले, खालच्या काकू ओरडत होत्या, मला तो प्रसंग संपवायचा होता.

त्याचे वडील त्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला नाही. जिन्यात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “खेळातसुद्धा नाही का गं?”

या प्रश्नाला मी वर्षभर उत्तर शोधतेय, आणि ते खेळाच्या नियमांतच शोधतेय, कारण चूक तिथेच झाली होती. माझं मत असं झालंय की देवाच्या जादूचे छापील नियम मुळातच चुकीच्या ठिकाणाहून आलेत, आणि प्रत्येक टेबलाने ते स्वतः बदलून घ्यायला हवेत. त्याला हाउस रूल म्हणतात, आणि तसं करायची या खेळात पूर्ण मुभा आहे.

हे नियम कुठून आले ते बघा. खेळ 1974 मध्ये अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी केलेला. क्लेरिक हे पात्र त्याआधीच आर्नेसनच्या टेबलावर जन्मलं होतं. एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन फारच माजला होता, त्याला आवरायला कुणीतरी हवं म्हणून. क्रूस दाखवून पिशाच्च पळवणारा, सिनेमातला. मग त्याला स्पेल हवेत, तर ते सरळ बायबलमधून उचलले: काठीचा साप करणं, किड्यांची धाड, अन्न निर्माण करणं, मेलेल्याला उठवणं. निर्गमाचं पुस्तक वाचलेल्या कुणालाही यादी ओळखीची वाटेल. पण हे स्पेल वापरायचे कसे, याचा नियम मात्र जादूगाराचाच. जादूगाराची पद्धत जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून घेतलेली: रोज ठरावीक मंत्र डोक्यात भरायचे, एकदा म्हटला की तो संपला. म्हणजे मोशेची काठी घेतली आणि ती मांत्रिकाच्या हातात दिली.

आपल्याकडे हा फरक अडाणी माणसालाही कळतो. महिपतीच्या ‘भक्तविजया’त (1762) चांगदेव येतो तो वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक. चौदाशे वर्षांची तपश्चर्या, सगळ्या सिद्धी खिशात. हा आपला विझर्ड, वीस लेव्हलचा. समोर ज्ञानेश्वर भावंडांबरोबर भिंतीवर बसलेले, आणि भिंत चालायला लागते. भिंत चालवणं ही सिद्धी त्यांनी कुठे शिकली, दिवसातून किती वेळा वापरता येते, असं त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. आणि दामाजीपंतांची गोष्ट तर त्याहून पुढची. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, बेदरच्या बादशहाने पकडून न्यायला माणसं पाठवली, आणि विठ्ठल स्वतः विठू महार होऊन दरबारात पैसे भरून आला. दामाजीपंतांनी हाक मारलेलीच नाही. त्यांना ते नंतर कळतं. या खेळाच्या नियमांत अशा गोष्टीला जागाच नाही, कारण तिथे देव काही करतो ते खेळाडूने बटण दाबल्यावर.

तरी मी सगळे स्पेल स्लॉट काढून टाका असं म्हणत नाही. आमच्या टेबलावरही ते आहेत. लहानसहान जखम भरणं, उजेड करणं, पाणी शुद्ध करणं, हे रोज सकाळी परत मिळतं आणि रात्रीपर्यंत संपतं. मला ते मान्नासारखं वाटतं. वाळवंटात रोज पहाटे पडायचा, दिवसापुरता घ्यायचा, उद्यासाठी साठवला तर किडे पडायचे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असं आपण म्हणतो तेव्हा महिन्याचं रेशन मागत नाही. रोजच्या भाकरीला रोजचा हिशेब चालतो. भांडण आहे ते मोठ्या मागण्यांचं: मूल वाचव, मेलेल्याला उठव, पूर थांबव.

इथे छापील नियमांची दोनच उत्तरं आहेत, आणि दोन्ही मला पटत नाहीत. 2014 चं उत्तर डाइस, म्हणजे लॉटरी. 2024 च्या नव्या पुस्तकात डाइस काढून टाकला. आता दहाव्या लेव्हलचा क्लेरिक पाचव्या लेव्हलपर्यंतचा आपला कोणताही स्पेल विनाखर्च, खात्रीने वापरू शकतो. आधी लॉटरी होती, आता एटीएम. लोक खूश आहेत, कारण कुणालाच 84 बघायला आवडत नाही. पण मला विचाराल तर दोन्हींत देवी गायब आहे. पहिल्यात ‘नाही’ म्हणते ती प्लास्टिकची गोटी. दुसऱ्यात देवीला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. तलवारीचा वार चुकतो, त्याला डाइस ठीक आहे. प्रार्थना चुकत नसते. ती कुणीतरी ऐकतं, आणि ऐकून हो किंवा नाही म्हणतं.

आणि हिऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. मेलेल्याला उठवायच्या स्पेलला पाचशे सोन्याच्या मोहरांचा हिरा लागतो. स्पेल पुरा झाला की हिरा नाहीसा. हा नियम मी सुरतेत वाचून दाखवला! जगातले बहुतेक हिरे जिथे घासून पैलू पाडून बाहेर जातात त्या गावात, वराछा-कतारगामच्या कारखान्यांपासून काही किलोमीटरवर. आमचा ओडिया मित्र लगेच म्हणाला, “मतलब सेठ का लडका उठेगा, कारीगर का नहीं.” खेळात हा नियम का आहे ते मला कळतं. मरण फार स्वस्त होऊ नये म्हणून किंमत ठेवलीय. पण किंमत पैशात ठेवली की गोष्ट देवाची राहत नाही, दुकानाची होते. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात शिमोन जादूगार नेमकं हेच करतो. प्रेषितांनी हात ठेवले की पवित्र आत्मा मिळतो हे बघून तो पैसे पुढे करतो, मलाही ही शक्ती द्या म्हणतो. पेत्र त्याला असा झाडतो की पुढे चर्चमध्ये पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीच्या पापालाच ‘सायमनी’ असं त्याचं नाव पडलं. आमच्या पहिल्या हाउस रूलचं नावही ‘शिमोनचा नियम’ आहे: देवाच्या जादूला सामान लागत नाही, सोनं लागत नाही, हिरा तर नाहीच.

मग किंमत काय? इथे मला नवस आठवला. माझं आजोळ श्रीरामपूर तालुक्यातलं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये आम्ही जातो, आणि तिथे नवस फेडायला येणाऱ्यांत सगळेच ख्रिस्ती नसतात. मुंबईकरांनी वांद्र्याच्या जत्रेत मेणाचे हात-पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं बघितली असतील. फादर लोक नवसाबद्दल जरा नाराज असतात, देवाशी सौदा करू नका म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण नवसाचा क्रम नीट बघा. आधी बोलायचं, मग मिळतं, मग फेडायचं. पैसे आधी मोजावे लागत नाहीत. देव उधारीवर देतो, आणि कधीकधी वसुलीला येतच नाही. हिऱ्याच्या रोखीपेक्षा ही उधारी मला कृपेच्या कितीतरी जवळची वाटते.

म्हणून आमच्याकडे एक वही आहे. साधी, किराणा दुकानात उधारीची असते तशी लांब. मोठी मागणी करायची असेल तर खेळाडूने त्यात लिहायचं: काय मागतोय, कुणासाठी, आणि मिळालं तर काय करीन. स्वतःच्या पात्राच्या अंगाला लागेल असंच काहीतरी. पन्नास मोहरा दान करीन हे चालत नाही. एकदा माझ्या भावाच्या योद्ध्याने लिहिलं, की गाव वाचलं तर मी वर्षभर घोड्यावर बसणार नाही. गाव वाचलं. मग पूर्ण मोहीमभर सगळ्यांना त्याच्या चालीने चालावं लागलं, आणि दोन ठिकाणी आम्ही उशिरा पोचलो. त्या उशिरामुळे जे घडलं ते मी ठरवून कधीच लिहिलं नसतं.

आता ‘हो’ की ‘नाही’ हे कुणी ठरवायचं? इथे सगळ्यांत जास्त वाद झाला. डाइस काढला तर निर्णय गेम मास्टरकडे, म्हणजे माझ्याकडे. माझ्या भावाच्या वर्गातली ती मुलगी म्हणाली, “दीदी, मग देवी म्हणजे तूच की!” बरोबर होतं तिचं. मी ज्याच्यावर चिडलेय त्याची प्रार्थना पडणार, असं व्हायला किती वेळ लागतो. त्यावर आम्ही काढलेला उपाय परिपूर्ण नाही, पण चालतो. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून देवीचं एक पान लिहायचं. तिला काय आवडतं, कशाचा राग येतो, कोणती गोष्ट ती कधीच करत नाही. मागणी आली की ते पान मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी ठरवायचं, मागणाऱ्यासकट. पान गप्प असेल तरच डाइस. आश्चर्य म्हणजे मागणारा स्वतःच पुष्कळदा म्हणतो, नाही, ही हे देणार नाही.

एक छोटी गोष्ट जाता जाता. क्लेरिकने पाप केलं तर त्याची शक्ती जावी का? जुन्या नियमांत पॅलाडिनची जायची. आम्ही ते ठेवलं नाही. डोनॅटस पंथाशी संत ऑगस्टीनचा वाद याच गोष्टीवर होता: फादर पापी असले तर त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खोटा का? ऑगस्टीन म्हणाला, नाही, कारण तो मुळात त्यांचा नव्हताच. तेव्हा आमच्याकडे लबाड क्लेरिकच्या हातूनही जखम भरते. हे फार अस्वस्थ करणारं आहे आणि गोष्टीला फार उपयोगी.

खऱ्या देवांची नावं मात्र आम्ही घेत नाही. 1980 साली या खेळाचं ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ नावाचं पुस्तक आलं, त्यात ग्रीक, नॉर्स देवांबरोबर आपले इंद्र-अग्नीही आहेत, प्रत्येकाला हिट पॉइंट देऊन. म्हणजे किती वार केले की इंद्र मरेल याचा आकडा! माझ्या मित्राला त्याची देवी कानबाईसारखी हवी होती. खानदेशात, आणि आता सुरतेतही, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी, आणि सोमवारी विसर्जन. एका रात्रीची पाहुणी. त्याच्या आजीने आमचं बोलणं ऐकलं आणि नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलं. आजी रागावली नव्हती. तिने विचारलं, “तिच्या तोंडचं तुम्ही कोण बोलणार?” मला ते लगेच पटलं, कारण मतमाउलीच्या तोंडी वाक्यं घालायची माझीही हिंमत नाही. म्हणून गोष्टीतल्या देवीचं नाव फक्त ‘पाहुणी’.

त्या पाहुणीमुळेच मला जिन्यातल्या प्रश्नाचं काहीतरी उत्तर सापडलं. मी ‘नाही’ म्हटलं ही चूक नव्हती. देव नाही म्हणतो. गेथशेमानीच्या बागेत येशूने स्वतः विनवणी केली, हा प्याला टळू दे, आणि तो टळला नाही. पण लूकच्या 22 व्या अध्यायात त्याच ठिकाणी एक देवदूत येतो, त्याला बळ देतो. प्याला तसाच राहतो, दूत मात्र येतो. मी त्या रात्री 84 बघून म्हटलं, “ऐकलं नाही,” आणि मुलाला, त्याच्या आईला, क्लेरिकला तिथेच सोडून पुढच्या गुहेकडे गेले. माझी चूक ही.

आता आमचा नियम असा आहे: देवीने ‘नाही’ म्हटलं, तर तिला त्या रात्री थांबावं लागतं. आम्ही याला जागरण म्हणतो. मागणी नाकारली की मी गोष्ट पुढे नेऊ शकत नाही. सगळी पात्रं त्या घरात, त्या अंगणात पहाटेपर्यंत बसतात. पाहुणी कुठल्यातरी रूपाने तिथे असते: शेजारची म्हातारी, दारातली गाय, न विझणारा दिवा. ती काही बरं करत नाही. प्रत्येक खेळाडू एक गोष्ट सांगतो किंवा करतो, आणि सकाळी उठताना कुणाच्या अंगावर भीतीचा किंवा थकव्याचा परिणाम राहत नाही. नियमाच्या भाषेत फायदा एवढाच. खेळायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं कंटाळतील. पहिलं जागरण पाऊण तास चाललं, आणि खालच्या काकूंनीही त्या दिवशी आवाज दिला नाही.

काही जण म्हणतील, एवढं काय, खेळ आहे. एक ताई मला उलट बाजूने म्हणाल्या, कॅथलिक मुलीने जादूचा खेळ खेळूच नये. त्यांना मी टॉल्किनचं उदाहरण दिलं. तोही रोज मिस्सेला जाणारा कॅथलिक. त्याचा गँडाल्फ मरतो आणि परत येतो, पण त्याला कुणी मंत्र म्हणून उठवत नाही. त्याला परत पाठवलं जातं. चर्चला आक्षेप आहे तो अदृश्य शक्ती आपल्या ताब्यात घेण्यावर. गंमत म्हणजे छापील नियमांवर माझाही तोच आक्षेप आहे.

माझ्या मित्राचे वडील माघात गेले. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसली नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो स्वतःहून गच्चीवर आला, आपला कॅरेक्टर शीट घेऊन, आणि म्हणाला त्याला एक नियम हवाय: सुतकाचा. क्लेरिकच्या घरातलं माणूस गेलं तर तेरा दिवस त्याने स्पेल वापरायचा नाही. शक्ती गेली म्हणून नव्हे. त्या दिवसांत देवाचं काही करायचं नसतं, एवढंच. आणि बाकीच्यांनी त्याला वाटेत सोडून जायचं नाही, त्याची पाळी त्यांनी सांभाळायची. आम्ही लिहून घेतलं. मेलेल्याला उठवायच्या स्पेलचं काय करायचं हे मी त्याला घाबरत घाबरत विचारलं. मला वाटलं तो काढून टाक म्हणेल. तो म्हणाला राहू दे, पण वहीत लिहिल्याशिवाय नको, आणि लाजरससारखं कधीतरी परत मरणार हे उठणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

वहीत एक जागा अजून कोरी आहे. या नाताळात माझ्या भावाचा योद्धा मेला, घोड्याचा नवस अर्धाच फिटलेला. तो नवस आता कुणी फेडायचा? भाऊ म्हणाला सुटला तो, मेल्यावर कसली उधारी. माझा मित्र म्हणाला असं नसतं. त्याला नोकरी लागू दे म्हणून त्याच्या वडिलांनी सप्तशृंगीला पायी यायचा नवस बोलला होता. नोकरी लागली, आणि वडील आजारी पडले. आता वर्षश्राद्ध झालं की चैत्रात तो सापुताऱ्याच्या वाटेने वणीला चालत जाणार आहे. आल्यावर नियम लिहू म्हणालाय, तोवर पान कोरं ठेवायचं.